हूं म्हणायला कुणीतरी

कोडोलीच्या माळावर मेंढरं बसवणाऱ्या येडग्यांच्या घरात गोष्ट सांगायला दोन माणसं लागत. एक सांगणारा आणि एक हूं म्हणणारा. सांगणाऱ्यानं एक वाक्य टाकायचं आणि थांबायचं. समोरून हूं आलं की पुढचं पाऊल उचलायचं. हूं आलं नाही तर गोष्ट तिथंच उभी. मग ती बिरोबाची असो, नाहीतर बाजारातल्या भांडणाची.

कृष्णाताला हे कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी त्याला देवी आल्या आणि ताप उतरला तेव्हा डोळे गेलेले होते. मेंढरांमागं जाणं संपलं. राहिलं ते बापाजवळ बसून ऐकणं. बाप जोतीराम देवापुढं सुंबरान मांडायचा. म्हणजे ढोलाच्या तालावर ओवी गायचा, आणि मधेच ढोल थांबवून तीच कथा साध्या बोलण्यात सांगायचा. गाण्याला ढोल पुरे होता. सांगण्याला माणूस लागे. तिथं चुलता ज्ञानू बसे. ज्ञानूकाकाचं आखूड हूं म्हणजे कळलं, चल पुढं. लांबलेलं हूं म्हणजे हळू, हे चांगलं चाललंय. आणि नाकातून निघालेलं हूं म्हणजे गड्या, तू वाट सोडलीस, मागं फीर. जोतीराम मागं फिरे. ऐकणाऱ्या कुणालाही कळत नसे की काही चुकलं होतं.

आई लवकर गेली होती. थोरली बहीण झुंबर, कृष्णाताची आक्का, चुलीपुढं भाकरी थापत त्याच्या गोष्टींना हूं म्हणे. भाकरी तव्यात टाकताना तिचं हूं चुकायचं. कृष्णात तोंड उघडं ठेवून थांबून राही.

“म्हनलं की रं हूं. सांग.”

“न्हाई म्हनलीस.”

“बरं बाबा, हूं. आता भाकरी करपली तर तूच खा.”

पुढं कुणा भल्या मास्तरानं त्याला कोल्हापूरच्या अंधशाळेत नेऊन घातलं. तिथं बोटांखाली ठिपके आले, ठिपक्यांतून अक्षरं आली, आणि वेताच्या खुर्च्या विणायचं काम आलं. वेत भिजला की त्याला ओल्या मातीसारखा वास येई. त्या वासात बसून कृष्णात मॅट्रिक झाला. मग खुर्च्यांच्या कारखान्यात दिवसाचं काम आणि सकाळचं कॉलेज असं करत बी. ए. झाला. परीक्षेला लेखनिक मिळे. कृष्णातानं सांगायचं, त्यानं लिहायचं. मॅट्रिकचा लेखनिक गावाकडचाच होता. प्रत्येक वाक्याला सवयीनं हूं म्हणे. बी. ए.चा लेखनिकही हूं म्हणे. तिथं निराळ्या खोलीत बसवत, आणि त्या खोलीचे सुपरवायझर दारात खुर्ची टाकून पेपर वाचत. आत कोण काय म्हणतंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. म्हणून कृष्णाताला कधी कळलंच नाही की आपण दोघांच्या बळावर पास होतोय. माणसाला आपल्या पायाखालची जमीन कुठं ऐकू येते?

एम. ए.ला त्यानं मराठी घेतलं. विद्यापीठात हेर्लेकर सर लोकसाहित्य शिकवायचे. आवाज खोल, बोलताना खडूचे तुकडे हातात खुळखुळवायची सवय. ब्रेलमध्ये एकही पुस्तक नव्हतं. शाहूपुरीत अंबादास शेटे यांचं सायकलीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. त्यांची मुलगी लीला सायन्सच्या पहिल्या वर्षाला होती. ती संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत कृष्णाताला पुस्तकं वाचून दाखवायची. परीक्षेला लिहायलाही तीच बसणार होती, कारण लेखनिक खालच्या वर्गातला आणि वेगळ्या विषयाचा असावा असा नियम होता.

“कृष्णातदादा, हा लेखक एका वाक्यात किती वेळा ‘तथापि’ म्हणतो!” ती म्हणे.

“श्वास घ्यायला थांबत असंल.”

लीला वाचून झाली की कृष्णात ते सगळं आपल्या शब्दांत परत सांगे आणि ती हं म्हणत लिहून बघे. तिचं हं शहरी होतं, ओठ मिटून काढलेलं. पण होतं.

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर हेर्लेकर सर टेपरेकॉर्डर घेऊन कोडोलीला आले. जोतीरामाची कथा त्यांना रेकॉर्ड करायची होती. भर दुपारी देवळाच्या ओट्यावर माणसं जमली. ओवी झाली, ढोल थांबला. सर म्हणाले, “आता कथा चालू करा. बाकीच्यांनी मात्र आवाज करायचा नाही हं. यंत्रात सगळं येतं.”

ज्ञानूकाका गप्प बसला. जोतीरामानं एक वाक्य टाकलं आणि थांबला. यंत्राची चाकं बारीक कुरकुरत फिरत राहिली. ओट्यावर कुणी हललं नाही.

“पुढं?” सर हलक्या आवाजात म्हणाले.

“पावणं, तुमी आयकताय न्हवं?”

“हो, ऐकतोय की.”

“मग आवाज कुठं हाय?”

ओट्यावर हशा पिकला. सरही हसले. जोतीराम मात्र हसला नाही. त्याला खरंच पुढं जाता येत नव्हतं. शेवटी सरांनीच ज्ञानूकाकाला यंत्राजवळ बसवलं, हूं म्हणायला सांगितलं, आणि कथा पाण्यासारखी वाहू लागली. परतीच्या एस. टी.त सर आनंदात होते. “कृष्णात, तुला कळतंय का हे काय आहे? हुंकार हा कथेचा अर्धा भाग आहे. ऐकणारा गप्प बसला तर कथा नाहीच.” पुढच्या आठवड्यात त्यांनी वर्गात यावर अख्खा तास घेतला. खडूचा आवाज फळ्यावर कितीतरी वेळ चालला होता. कृष्णाताला बापाचा अभिमान वाटला. त्या तासाला जे सांगितलं ते आपल्यालाही लागू आहे, हे मात्र त्याच्या मनातही आलं नाही.

एम. ए. झाला तर गडहिंग्लजच्या एका कॉलेजात शिकवायची जागा मिळेल, असं सरांनी संस्थेशी बोलून ठेवलं होतं. “पास हो. तेवढं तू कर, बाकीचं मी बघतो.” हे ऐकल्यापासून कृष्णाताची बोटं खुर्च्या विणताना नकळत वेग घेत. वेताचं काम वाईट नव्हतं. पण वेताशी बोलता येत नव्हतं. आणि त्याला तर बोलायचंच होतं. वर्गापुढं उभं राहून बापाची कथा सांगायची, तिच्यावर बोलायचं. एवढीच त्याची इच्छा होती.

परीक्षेचं वर्ष आलं आणि त्या वर्षी सगळीकडं कडक हवा होती. मागल्या साली कॉप्यांची प्रकरणं फार गाजली होती. कृष्णाताच्या खोलीत या वेळी दारात नव्हे, तर टेबलाशेजारीच एक सुपरवायझर बाई बसल्या. चपलांचा आवाज ठाम, बोलणं नीटस.

“लेखनिकानं फक्त लिहायचं. एक शब्द बोलायचा नाही, खूण करायची नाही. समजलं?”

“हो, मॅडम,” लीला म्हणाली. तेवढाच तिचा आवाज.

पहिलाच पेपर लोकसाहित्याचा होता. बाईंनी प्रश्न वाचून दाखवले. दुसराच प्रश्न मौखिक कथेतल्या श्रोत्याच्या सहभागाचा होता. कृष्णाताला हसू आलं. हे तर घरचंच. त्यानं आधी तोच घ्यायचं ठरवलं. पहिलं वाक्य सांगितलं आणि थांबला.

पेनाची कुरकुर ऐकू आली. मग तीही थांबली.

समोरून काही आलं नाही.

त्यानं दुसरं वाक्य शोधलं. ते होतं, आत्ता इथंच होतं. पण पहिलं वाक्य कुठं पोचलं, पोचलं का, हेच कळेना. मेंढरं वाटेत आडवा ओढा दिसला की थबकतात. पुढचं एक उतरलं की सगळी उतरतात, पण पुढचं उतरेना तर मागची सगळी आपापल्या जागी उभी राहून नुसती ओरडतात. तसं त्याच्या डोक्यात झालं. सगळं होतं, आणि सगळं उभं होतं.

“लिवलंस?” त्यानं विचारलं.

“तिनं उत्तर द्यायचं नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही सांगत जा. ती लिहितेय.”

तो सांगत गेला. एक वाक्य, मग पोकळी. पुन्हा तेच वाक्य जरा निराळ्या शब्दांत. लीलाला ते समजलं असावं, की आपण दोनदा एकच लिहितोय. कारण तिसऱ्या खेपेला तिच्या मिटल्या ओठांतून हलकंसं हं निघालं. दुकानामागच्या खोलीतलं, रोजचं. आणि कृष्णाताच्या तोंडून चार वाक्यं एकदम बाहेर पडली.

बाईंची खुर्ची सरकली.

“हे काय चाललंय? मी मघाशी काय सांगितलं?”

“मॅडम, ते नुसतं हं...”

“नुसतं हं म्हटल्यावर यांना उत्तर बरं आठवलं.”

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं होतं, आणि तसंच घडलंही होतं. लीलाचं पेन पुन्हा कागदावर टेकलं. ती मधून मधून नाक ओढताना मात्र ऐकू येत होती. कृष्णातानं तिला वाचवायला म्हणून पुढचं काहीबाही सांगितलं. घंटा झाली तेव्हा बरेच कागद कोरे होते. चाळताना ते कसे हलके वाजतात ते त्याला ऐकू आलं.

संध्याकाळी लीला दुकानात रडली. “माझ्यामुळं झालं, दादा.”

“तुझ्यामुळं न्हवं गं. तू तर हं म्हनलीस.”

दुसऱ्या दिवशी हेर्लेकर सर त्याला घेऊन परीक्षा विभागात गेले. आक्का कोडोलीहून आली होती. तीही बरोबर निघाली. तिथले अधिकारी सभ्य होते. त्यांनी कृष्णाताला हाताला धरून खुर्चीत बसवलं. खुर्ची वेताची होती, आणि बसताच त्याला कळलं की ती आपल्याच कारखान्यातली आहे. सरांनी हुंकाराचं सगळं समजावून सांगितलं. टेपरेकॉर्डरची हकीकत सांगितली. अधिकारी हसले, मग विचारात पडले.

“हेर्लेकर, मला पटतंय. पण उद्या कुणी म्हणालं की एक हं म्हणजे बरोबर आणि दोन हं म्हणजे चूक, तर मी काय बोलू?”

“साहेब,” आक्का दारातून म्हणाली, “मला बसवा की हूं म्हनायला. मला अक्षर वळकत न्हाई. मी काय सांगणार त्येला?”

कागदावर पेन्सिल टेकवल्याचा आवाज झाला. “हे होऊ शकेल,” अधिकारी सावकाश म्हणाले. “निरक्षर बाई, तीही पाठमोरी बसलेली. मी वर शिफारस करतो. फक्त एक विचारतो, येडगे, म्हणजे मला तसं लिहिता येईल. त्या हूंमधून तुम्हाला काही कळत नाही ना? बरोबर, चूक, असं काही?”

सरांचा हात कृष्णाताच्या खांद्यावर आला. हलकाच दाब. काय म्हणायचं ते त्या दाबात होतं.

कृष्णाताच्या कानात ज्ञानूकाका बसला होता. आखूड हूं, लांब हूं, नाकातलं हूं. ते काही कळवत नाही म्हणणं म्हणजे काकाला ओट्यावरून उठवणं होतं, आणि बापाच्या कथेतून अर्धी कथा काढून टाकणं.

“कळतं की, साहेब,” तो म्हणाला. “हूं आयकूनच तर कळतं, कुठं चुकलो ते. न्हाईतर हूं कशाला म्हनायचं?”

सरांचा हात खांद्यावरून निघाला. पेन्सिल टेबलावर आडवी ठेवल्याचा आवाज आला.

“मग माझा नाइलाज आहे,” अधिकारी म्हणाले. त्यांच्या आवाजावरून खरंच वाईट वाटल्याचं कळत होतं, आणि त्यामुळं कृष्णाताला राग धरायलाही कुणी उरलं नाही.

जिन्यावरून उतरताना आक्का म्हणाली, “खोटं बोलायला काय झालतं तुला? देवापुढं हुतास का?”

बाकीचे पेपर तोडकेमोडके गेले. निकाल लागला तेव्हा तो नापास होता.

सरांनी धीर सोडला नाही. गडहिंग्लजची जागा आणखी वर्षभर थांबेल असा शब्द त्यांनी आणला. “एकट्यानं सांगायची सवय कर,” ते म्हणाले. आणि जरा थांबून, खडू नसलेल्या हातानं काहीतरी चाचपत, “मलाच हे सांगावं लागतंय,” असं पुटपुटले.

कृष्णातानं सवय केली. कारखान्यात विणून झालेल्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या असत. त्यांच्यापुढं उभं राहून तो उत्तरं सांगे. खुर्च्या हूं म्हणत नाहीत. सुरुवातीला दर वाक्यानंतर तो अडे. मग तो अडण्याच्या जागेवर आपल्या मांडीवर बोट आपटू लागला. मग बोटही थांबवलं. वाक्य पोचलं का हे विचारायचं नाही. पाण्यात दगड टाकावा तसं टाकायचं आणि आवाज ऐकायला न थांबता पुढचं उचलायचं. पावसाळा गेला, थंडी आली. कारखान्यातली माणसं म्हणायची, “येडगे, खुर्च्यांना एम. ए. करणार काय?” तोही हसे. लीलाला त्यानं हं म्हणायची बंदी केली. ती तोंडावर हात धरून लिही.

एकदा आक्का भेटायला आली. डब्यात हुलग्याचं माडगं आणि लसणाची चटणी. कृष्णात सवयीनं मोठ्यानं उत्तर सांगत होता. तिनं भिंतीला टेकून ऐकलं आणि एका वाक्याला हूं म्हटलं.

“आक्का, हूं म्हनू नगंस.”

“का रं?”

“मोडतंय.”

तिनं डब्याचं झाकण काढलं, लावलं. “बरं,” म्हणाली. “न्हाई म्हनत.”

त्या वर्षी तो पास झाला. वर्ग साधाच, पण पास. त्याच सुपरवायझर बाई होत्या. शेवटच्या पेपरानंतर त्या म्हणाल्या, “या वेळी किती सलग सांगितलंत हो. कुठं अडला नाहीत.” त्यांनी मनापासून कौतुक केलं होतं. लीलानं पेढे वाटले. अंबादास शेटेंनी दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं.

निकाल घेऊन कृष्णात कोडोलीला गेला तेव्हा बिरोबाची जत्रा होती. जोतीरामाचा गळा मागल्या थंडीपासून बसला होता. चार शब्दांत खोकला येई. दुपारी निवद झाला, ढोल वाजले, जाणत्यांनी ओवी गायली आणि ढोल थांबला. जोतीरामानं लेकाचा हात धरून त्याला ओट्यावर आपल्या जागी बसवलं. समोर ज्ञानूकाका. त्याच्या घोंगड्याचा वास कृष्णाताला लहानपणापासून पाठ होता.

“सांग मास्तरा,” कुणीतरी म्हणालं, आणि माणसं हसली.

त्यानं पहिलं वाक्य टाकलं आणि दुसरं उचललं. त्या दोहोंच्या मधे काकाचं हूं आलं. ते त्याच्या दुसऱ्या वाक्याच्या अंगावर आलं. त्याची जीभ अडखळली. त्यानं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा हूं मधे आलं, चालत्या माणसाच्या पायात काहीतरी यावं तसं. तो वेग वाढवून पुढं निघाला. काकाचं हूं मागं राहू लागलं. मग एक लांबट, मग एक नाकातलं. कुठंतरी वाट चुकली होती. पण कृष्णाताला मागं फिरायची जागाच सापडेना. काका हळूहळू गप्प झाला. ओट्यावरचे बाकीचेही गप्प झाले. कृष्णात सांगत राहिला, सलग, कुठं न अडता, शेवटापर्यंत.

झालं तेव्हा ढोलाला टिपरू लावायचं कुणाला सुचलं नाही. लांब कुठंतरी जत्रेतल्या पाळण्याचं चाक करकरत होतं.

जोतीराम खोकला. मग बसक्या आवाजात, अगदी मऊपणानं त्यानं विचारलं, “कुणाला सांगत हुतास रं?”

ज्ञानूकाकानं कृष्णाताच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. मग ओव्या पुन्हा सुरू झाल्या, आणि कथा त्या दिवशी काकाच्या एका भाच्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

उतरत्या उन्हात आक्का त्याला एस. टी.च्या फाट्यापर्यंत सोडायला आली. सोमवारी गडहिंग्लजला रुजू व्हायचं होतं. काठी एका हातात, तिचा खांदा दुसऱ्या हातात. फाट्यावर कुणी नव्हतं. उसाच्या फडातून वारा सुटला होता.

मग त्याला वाटलं, हिला सांगावं. खुर्च्यांपुढं उभं राहून केलेलं ते सगळं वर्ष सांगावं, त्यात काय मिळालं ते, आणि काय कुठं सांडलं ते. अजून सगळं कळलं नव्हतं. सांगता सांगता कळेल असं वाटत होतं.

“आक्का,” तो म्हणाला, “त्या खोलीत पयल्या दिवशी मला वाटलं, मी मेलोय आनि कुनाला ठावं न्हाई.”

आणि तो थांबला. आपण थांबलोय हे त्याला थांबल्यावर कळलं. कितीतरी महिन्यांत असा तो थांबला नव्हता. आत काहीतरी हललं. पुढचं वाक्य काठावर येऊन उभं राहिलं.

आक्कानं श्वास घेतला. तो त्याला ऐकू आला. मग तिनं पदराचा बोळा तोंडाशी नेल्याची सळसळ ऐकू आली. त्यानं नको म्हटलं होतं, ते तिच्या लक्षात होतं. भावाचं मोडू नये म्हणून ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

तो वाट बघत राहिला. वळणावरून एस. टी.चा हॉर्न वाजला.